आखाजीला

निंबाला झोका मी सकाळीच बांधला होता.
वैजंताचा फोन आला: दादा, यंदा ड्युटी,
आखाजीला सुट्टी कुणालाच नाही.

दुपारी दोनला आलीच ती,
सायरनसकट, एकशेआठमधून.
सुपडूआप्पा पत्त्यांच्या डावातच कोसळलेले,
चौकटची राणी मुठीत.

ऊन असं, की गाडीच्या दाराला हात लावता येईना.
तिने ओली चादर टाकली, शीर शोधली,
मला म्हणाली, "बाटली वर धर."
सणाचं बोलणं तेवढंच.

आई खापरावरची पोळी तशीच सोडून
पुरणाच्या हातांनी धावली,
तोवर गाडी चोपड्याच्या रस्त्याला.
डबा आईजवळच राहिला.

रात्री मेसेज:
आप्पांनी पाणी मागितलं.
राणी कुणी घेतली विचारतात.
झोका सोडू नको,
शुक्रवारी येते.