पिवळा दिवा

घाटंजीहून पाटणबोरीकडे जाताना
सागाच्या वळणावर तो पेटला,
इंजिनाच्या आकाराचा, हळदीच्या रंगाचा,
करंगळीच्या नखाएवढा.
गाडी चालत होती, पण ओली बाळंतीण चालते तशी.
चाळीसच्या वर जाईचना.
मागच्या सीटवर लसींचा डबा.

यवतमाळच्या शोरूममध्ये नुसती वायर खोचायचे बाराशे.
पोरगा लॅपटॉप उघडतो तो माझ्याकडे पाठ करून.
"मॅडम, तुमाले नाही समजणार."
एकोणीस वर्षं नर्स आहे मी,
माणसांना असंच पाठमोरं ठेवून
मीही कितीदा केसपेपर वाचलाय.

त्या रात्री जुन्या रजिस्टरच्या मागच्या पानावर हिशेब मांडला.
शोरूमवालं सॉफ्टवेअर: बेचाळीस हजार,
लायसन्स दरसाल वेगळं.
नवी चावी शिकवता येते म्हणे गाडीला,
इंजेक्टरचे आकडे भरता येतात.
गाडी एक, दिग्रसच्या वकिलाकडून जुनी घेतलेली.
दिवा वर्षातून दोनदा.
म्हणजे एका दिव्याला एकवीस हजार.

बीपीचं मशीन घरी ठेवावं का, लोक विचारतात.
मी म्हणते, ठेवा.
सोनोग्राफीचं कोणी ठेवतं का?
दुसऱ्याला सांगताना किती सोपं असतं हे.

हफीज मिस्त्री बाजाराच्या मागे बसतो.
पान्याचं टोक इंजिनाला, मूठ कानाला,
आम्ही पोटावर नळी लावून ठोके ऐकायचो तसा.
मग खिशातून नऊशेचा निळा ठोकळा काढला,
स्टिअरिंगखाली खोचला, मोबाइलवर आकडा आला.
"सेन्सर बोलून नाही राह्यला."
"मग बदलायचा?"
"थांबा न बाई."

कोपरापर्यंत हात घातला बॉनेटमध्ये,
आणि बाहेर आली तुरीची टरफलं,
कापसाचा गोळा,
त्यात चार गुलाबी पिल्लं, डोळे न उघडलेली.
वायर कुरतडलेली.

"बेचाळीस हजारात उंदीर दिसला असता?"
हसला. मग हसू पुसून म्हणाला,
"उंदीर नाही. पण बोबडे सरांची चावी हरपली,
थे माह्यानं नाही झालं.
थ्याले यवतमाळच लागलं."

टेपचे पन्नास रुपये घेतले त्याने.
पिल्लांचं काय करायचं
हे कोणत्याच यादीत नव्हतं.
सिरिंजच्या रिकाम्या खोक्यात घालून
कडुनिंबाखाली ठेवली. सकाळी खोकं होतं.

निळा ठोकळा मीही घेतला. गुडघ्याला लागतो.
आता दिवा नसतानाही बघते,
बाळाच्या कपाळाला उगाच हात लावावा तसं.

हिशेबाचं पान अजून फाडलेलं नाही.
खाली पेन्सिलीने एवढंच वाढवलंय:
गावात अशा सहा गाड्या.
बोबडे सरांना विचारायचं.