पॉमेरियन, वय अकरा

फोनवर सगळे आधी स्वच्छतेबद्दल बोलतात.
"घाण अजिबात करत नाही हो. दहीभात खाते."
मग जरा थांबून : "बिल्डिंग पाडतायत. भाड्याच्या घरात कुत्रं चालत नाही."
मी विचारते, वय किती?
पलीकडे कुणीतरी आतल्या खोलीत हाक मारतं,
"अगं, स्नोई आली तेव्हा चिन्मय कितवीत होता?"

ठाण्यात एके काळी दर दुसऱ्या बाल्कनीतून
पांढरा पॉमेरियन भुंकायचा.
(डॉक्टर सामंत दर वेळी सुधारतात : स्पिट्झ.
पॉमेरियन वेगळं, बाई. मी दर वेळी हो म्हणते.)
वाढदिवसाला टोपलीतून आलेले कापसाचे गोळे
आता मोतीबिंदू घेऊन बसलेत,
जुन्या मिक्सरसारखे :
चालतो अजून, पण नव्या ओट्यावर शोभत नाही.

माझ्याकडे आजवर नऊ स्नोई आल्या.
वहीत घोटाळा होतो, म्हणून मी त्यांना
ज्या घरातून आल्या त्या घरांची आडनावं लावली.
स्नोई प्रधान. स्नोई वैती. स्नोई कोचरेकर.
मध्येच एक रूबी नाडकर्णी, जिला फक्त कोंकणी कळायचं.
माझंही आडनाव एकदा बदललंय.
कान बराच काळ जुन्याच हाकेकडे वळतो.

ही स्नोई टिपणीस. चरई, 'मधुवंती', तिसरा मजला.
सोबत दिलं :
घुंगरू लावलेली साखळी, विणलेला स्वेटर,
मारीचा अर्धा पुडा,
लसींचं कार्ड, पिशवीत घालून वर रबर.
टिपणीसबाई जिन्यापर्यंत आल्या.
"रात्री पंखा पाचावर लागतो तिला," एवढंच म्हणाल्या
आणि दार लोटलं.
मी दोन जिने उतरले तरी
कडी लागल्याचा आवाज आला नाही.

सात महिने माझ्याकडे होती, वर्तकनगरला.
कुणी म्हणालं, पिल्लू नाही का?
कुणी फोटो मागवला, पुढे गप्प.
रोज संध्याकाळी सात दहाला ती एक चप्पल उचलायची,
माझी, पाहुण्याची, कुणाचीही,
आणि दाराशी नेऊन ठेवायची.
टिपणीसांची ऑफिसातून यायची वेळ.
त्यांना रिटायर होऊन सहा वर्षं झाली होती.

मग कळव्याहून फोन आला, रेवती आंबवणे, नर्स.
"पिल्लू नको मला. नाइट करून येते, सकाळी झोपते.
दिवसा झोपणारं कुणीतरी हवंय."

जनार्दन भोईरची रिक्षा. स्टेशनकडे तुंबलेलं,
म्हणून त्यानं चरईतून घातली,
मी नको म्हणायच्या आत.

पत्र्याचं कुंपण. पत्र्यावर बत्तीस मजल्यांचं चित्र,
चित्रात हसरं कुटुंब आणि त्यांचा गोल्डन रिट्रीव्हर.
पत्र्याला फट. फटीतून खड्डा,
खड्ड्यात पिवळं पाणी, पाण्यात पंप.
स्नोई माझ्या मांडीवर उभी राहिली.
त्या डोळ्यांना काय दिसणार!
तरी तिनं मान वर केली,
बरोब्बर तिसऱ्या मजल्याइतकी,
आणि एकदाच भुंकली,
भाजी घेऊन उशिरा आलेल्या माणसावर
घरातलं कुणी खेकसावं तशी.
जनार्दननं इंजिन बंद केलं.
वर नुसती क्रेन होती.
बऱ्याच वेळानं तो म्हणाला, "निघू का ताई?"
आणि कळव्यापर्यंतचे पैसे घेतले नाहीत.

वहीत लिहिलं : स्नोई आंबवणे.
खाली बारीक अक्षरात, पूर्वाश्रमीची टिपणीस.

काल रेवतीचा मेसेज आला.
सात दहाला चप्पल नेते दाराशी, रोज.
मी त्याच वेळी ड्युटीला निघते.
एकच नेते.
दुसरी शोधण्यात मला उशीर होतो.