गोटी

तिसऱ्या पिंपावर टेनेंगचा फोटो,
डोळे अर्धे मिटलेले.
दुसरा काढायला पैसे नव्हते.

काल गांबिया नदीच्या ओहोटीला
आम्ही दोघी मांडीइतक्या चिखलात,
तिवरांच्या मुळांवरची कालवं खरवडत होतो.
म्हणाली, वॉर्डात निवडून आले
तर धक्क्याला पायऱ्या करून घेईन.
आणि पडलीस तर?
तर काय, उद्याची ओहोटी पावणेसहाला आहे.

नवऱ्याने दारातच बजावलंय:
डावीकडून पहिलं.

पडद्यामागे मी एकटी.
शिंपल्यांनी चिरलेल्या बोटांत
काचेची गोटी, थंडगार.
लहानपणी भावाने एकदाही
हात लावू दिला नव्हता.

टण्ण.

बाहेर बाकावरच्या बाप्यांनी ऐकलं,
नवऱ्यानेही.
घंटा सगळ्या पिंपांत
एकसारखीच वाजते.