घड्याळात शून्य

हाफटाइम. फळ्यावर एकतीस-एकतीस.
पार्क मैदानाचं सिमेंट अजून दुपारच ओकतंय
बुटाच्या तळव्यातून पोटरीपर्यंत.
चेंडू माझ्या पायाशी, मेलेला,
म्हणजे नियमाच्या भाषेत मेलेला.
लोकांना वाटतं, आता पंच पाणी पितात.
पितो की.
पण बाटलीवरून डोळे दोन्ही बाकांवर.

नऊ नंबरनं आधी खुर्चीला लाथ घातली.
ते मी सोडलं.
खुर्ची मंडपवाल्याची, उन्हानं आधीच तडकलेली,
आणि शेवटच्या सेकंदाला पोराला मी ट्रॅव्हलिंग दिलेलं.
सतरा वर्षांचा आहे, राग यायचाच.
मग टॉवेलात तोंड घालून
तो तेलुगूत बोलला.
हळू नाही, फार जोरातही नाही.
पंचाच्या छातीवर नाव नसतं.
आत कोण गुर्रम आहे, त्याला काय ठाऊक.

नदाफसर जवळ आले, माझे जोडीदार.
"काय म्हणाला बे?"
मी एक तळवा आडवा धरला,
दुसऱ्याची बोटं खालून त्याला टेकवली.
टी.

बिराजदार कोच पळत आले,
"खेळच बंद हाय की ओ! घड्याळात शून्य हाय!"
होतं. शून्यच होतं.

वडील माग चालवायचे, साखर पेठेत.
सांगायचे, माग थांबतो आणि परत सुरू होतो
तिथं चादरीवर एक आडवी रेघ पडते.
डोळ्याला नाही दिसत. नखाला कळते.
आणि व्यापारी नखच फिरवतो.

हे मी बिराजदारांना सांगत बसलो नाही.
म्हटलं, एक फ्री थ्रो.
फाउल तिसऱ्या क्वार्टरच्या हिशोबात.
मग बाण जिकडं, तिकडचा बॉल.
टेबलावर रेवतीनं पेन बदललं, तिसऱ्यासाठी लाल,
आणि नऊच्या ओळीत टी काढला,
शाळेत शुद्धलेखन काढतात तसा, सावकाश.

समोरच्यांचा चार नंबर रेषेवर एकटा.
कड्याखाली कुणी नाही,
रिबाउंडला कुणी नाही,
कडेला दोन्ही संघ उभे, एकाच्या हातात अर्धं केळं.
इतकी शांतता की चेंडू टप्पे घेताना
पलीकडच्या भेळगाडीवरचा झारा ऐकू येत होता.
त्यानं टाकला. कड्याला लागून बाहेर.
नऊ नंबर हसला नाही.
तेवढ्यासाठी तो मला आवडला.

रात्री घरकुलात पोचलो तर आई
सूप मांडीवरून उतरवत होती.
बोटांना तंबाखू, हजार विड्यांचा वास.
"एवरु गेलिचारु रा?"
कोण जिंकलं.

चार शब्दांची शिवी होती.
आमच्याच गल्लीच्या उच्चारातली.
चारातला पहिला शब्द ही.

"दोन पॉइंटनं," मी म्हटलं.
कोण ते सांगितलं नाही, तिनंही पुन्हा विचारलं नाही.
ताट वाढलं.
कडक भाकरी मोडली, शेंगाचटणीत बुडवली,
आणि किती वेळ कुणास ठाऊक
ताटाच्या कडेवरून नख फिरवत बसलो.