खबरदार

रोज संध्याकाळी सातला तोक्तोसुन
पत्र्याच्या खोलीतून बाहेर येतो,
तळ्यात रोवलेल्या लाल-पांढऱ्या पट्टीवरचा आकडा
दुर्बिणीतून वाचतो, वहीत लिहितो
आणि सीमेपलीकडे फोन लावतो.

त्याच्या नावाचा अर्थ ‘टिकून राहो’.
आधीची तीन भावंडं गेली म्हणून ठेवलेलं.
आमच्याकडे दगडू ठेवायचे, धोंडू ठेवायचे,
हे मी सांगितलं तेव्हा तो इतका हसला
की घोडीच्या आंबूस दुधाची आणखी एक वाटी
मला नाही म्हणता आली नाही.

वर बर्फ. बर्फाच्या पायाशी तळं.
त्याला बांध आहे, पण तो कुणी घातलेला नाही:
हिमनदीनं मागे सरताना टाकलेले दगड, माती,
आणि आत न दिसणारा, हळूहळू वितळणारा बर्फ.
खाली दरी. दरीत काटेरी तार.
तारेपलीकडे दुसरा देश, जर्दाळूच्या बागा,
ओयदिनचं गाव.

चौदा वर्षांपूर्वी तळं एका रात्रीत रिकामं झालं.
बातमी नियमाप्रमाणे निघाली,
जिल्ह्याहून राजधानीला, एका राजधानीतून दुसऱ्या,
तिथून भाषांतराला, तिथून खाली.
कागद गावात पोचला नवव्या दिवशी.
शिक्का अगदी स्वच्छ उमटला होता.
ओयदिनला तोवर गाळात
नवऱ्याचा एक बूट सापडला होता.
दुसरा ती अजून शोधते, असं तिची जाऊ म्हणते.

मग करार झाला.
मी त्या बैठकीत कोपऱ्यात होतो, नकाशे सांभाळायला.
‘कळवतील’ की ‘कळवण्याचा प्रयत्न करतील’
यावर दीड दिवस गेला. चहा सात वेळा आला.
दुसऱ्या दुपारी वीज गेली, उकडायला लागलं,
आणि ‘कळवतील’ राहून गेलं.
त्या एका क्रियापदाला लोंबकळून आहे
हा संध्याकाळचा फोन.

दोघांनी एकमेकांना पाहिलेलं नाही.
तो किर्गिझ बोलतो, ती उझबेक,
पण आकडे चुलतभावांसारखे:
तो म्हणतो अल्तिमिश, ती म्हणते ओल्तमिश,
आणि चहाखान्याच्या भिंतीवर खडूनं लिहिते, साठ.
म्हातारे मान वर करून वाचतात
आणि पुन्हा पट मांडतात.

जुलैत एका बुधवारी फोन वाजला
तो पहाटे पावणेचारला.
त्यानं आकडा सांगितलाच नाही.
एकच शब्द बोलला. तिनं तो तिच्या कानानं ऐकला:
खबरदार.

तिच्या भाषेत त्याचा अर्थ एवढाच,
ज्याच्यापाशी खबर आहे तो.
आम्ही मराठीत त्या शब्दाच्या हाती काठी दिली,
पोरांवर डोळे वटारले, खबरदार हात लावशील तर!
तिथे तो अजून साधा आहे.
ज्याला वेळेवर कळलं, असा माणूस.

ओयदिननं पितळी परात घेतली, लाटणं घेतलं
आणि गल्लीगल्लीतून बडवत निघाली.
अंथरुणाला खिळलेल्या दोघांना दारांच्या फळ्यांवर घालून
शाळेच्या टेकडीवर नेलं.
कुणीतरी पिंजऱ्यासकट कवडा उचलला होता,
कुणी घाईत फक्त मिठाची बरणी.

पाणी बेचाळीस मिनिटांनी आलं.
नदीला तिथे दर्या म्हणतात.
आमचा दर्या म्हणजे समुद्र;
त्या पहाटे दोन्ही अर्थ एकच होते.

गेलं ते असं: कोंबड्यांची खुराडी,
अकरा जर्दाळू, पूल,
चहाखान्याची ती भिंत, आकड्यांसकट.
माणूस एकही नाही.
वर्तमानपत्रात काही आलं नाही.
न मेलेल्यांचे फोटो काढायचे तरी कसे?

संध्याकाळी सातला फोन वाजला.
वरची पट्टी वाहून गेली होती,
त्याच्याकडे सांगायला आकडा नव्हता.
तिच्याकडे लिहायला भिंत नव्हती.
थोडा वेळ दोघं नुसतेच
एकमेकांकडची नदी ऐकत राहिले.

मग तिनं विचारलं, बकऱ्या?

तो मोजायला गेला. आला.
त्यानं आकडा सांगितला,
आणि ओयदिन सवयीनं
खिशात खडू चाचपू लागली.