विरजण

इनक्युबेटरच्या दारावर उपळेकर सरांची चिठ्ठी :
सत्तावीस. हात लावू नये.
आत काचेच्या बशीत बुरशी,
करडी, मांजराच्या पोटासारखी मऊ.
सत्तावीसला ती पसरते,
पस्तीसला दमते,
बाराला नुसती पडून राहते,
जानेवारीतल्या पुण्यात मी राहते तशी.

तळ्याला दार नाही.
चिठ्ठी लावणार कुठे?

पहिली फवारणी एप्रिलमधली, सकाळी अकराची.
पाषाण तळं, बांधाजवळचा काठ.
जलपर्णीची पानं तेल चोपडल्यासारखी चकाकत होती,
आणि फुलं इतकी जांभळी
की त्यांचा राग राग करणं जमेना.
उन्हानं बीजाणू भाजून काढले, पापडासारखे.
आठ दिवसांनी मोजले : डाग शून्य.
शून्यसुद्धा वहीत नीट गोल काढावं लागतं.

हौसाबाई खिलारे तीन वर्षं
ठेकेदाराच्या रोजावर, कमरेइतक्या पाण्यात उभी राहून
हीच जलपर्णी हातानं ओढते.
माझा पंप, माझा मास्क बघून म्हणाली,
"ताई, विरजण कोणी भर उन्हात लावतं का?
तिन्हीसांजेला लावायचं, झाकायचं,
अन् सारखं उघडून बघायचं नाही."

ऑक्टोबर. संध्याकाळी पावणेसात.
मिश्रणात थोडं शेंगदाण्याचं तेल,
ओल पानावर टिकावी म्हणून.
वटवाघळं निघाली. दव उतरलं.
रात्रभर त्या काळोखात
बीजाणूंनी आपापले धागे काढले असणार,
पानाच्या कातडीत फट शोधत.
मी बघितलं नाही. सांगितलं होतं तसं.

पण रुजायला अंधार लागतो तिला,
आणि आत शिरल्यावर
विष पेटायला ऊनच लागतं.
जे ऊन एप्रिलमध्ये वैरी होतं, तेच.
हे मी पुस्तकात चारदा वाचलं होतं,
कळलं मात्र नवव्या दिवशी,
चौकटीतल्या अकरा पानांवर
तांबूस कडांचे डाग बघून.

हौसाबाईनं एक पान उलटंपालटं केलं.
"लागलं की विरजण," म्हणाली.
मग पदर पिळता पिळता :
"हे समदं असं मेलं, तर मी काय ओढू?"

पलीकडच्या काठाला जलपर्णी तोवर दुप्पट झालेली.
वहीत रकाने होते उजेडाचे, दवाचे, तापमानाचे.
मी पाण्यात थर्मामीटर सोडला,
दोन मिनिटं थांबले,
आणि लिहिलं : सव्वीस पूर्णांक चार.
तेवढंच खात्रीचं होतं.