खळं

बरक्यापासून आत, खजुरांची शेवटची रांग संपते तिथून
अकरा किलोमीटरवर आठ शेड आहेत.
बाहेर सेहेचाळीस अंश. आत पंख्यांनी घडवलेला एकच ऋतू,
आणि बावीस हजार गळ्यांतून न तुटणारा स्वर.

माझ्याकडे बर्फाची पेटी, चाळीस माणसांपुरते स्वॅब
आणि चार पानांचा फॉर्म.

"हात उघडा."
मोतालेब तळवा पुढे करतो, ज्योतिष्यापुढे धरतात तसा.
मी रेषा वाचत नाही.
बेचक्यांतून, नखांच्या कडांवरून ओला बोळा फिरवते,
मग नाकपुडीत. तो शिंकतो आणि माफी मागतो.

दिवसाला किती पक्षी हाताळता?
"जिवंत मोजत नाही, बाई. मेलेले मोजतो. काल एकोणसाठ."
ग्लोव्हज?
"पहिल्या आठवड्यात होते."
पाण्यात औषध कोण घालतं?
तो स्वतःकडे बोट करतो. निळं झाकण, दोन मापं,
कोंबडी आजारी असो नसो.
जेवता कुठे?
चार नंबरच्या भिंतीची सावली दाखवतो.

या उत्तरांना नंतर आकडे चिकटवायचे असतात.
हात गुणिले तास, गुणिले श्वास,
भागिले साबण.
साबणाच्या रकान्यात शून्य आलं की गणित अडतं.
तिथे मी एक बारीकसा अपूर्णांक टाकते
आणि पुढे जाते.

चौथ्या दिवशी, मस्कतच्या लॅबमध्ये
प्लेट उजेडाशी धरायची.
औषधाच्या चकतीपासून जंतू मागे हटले
तर भोवती मोकळं कडं उमटतं,
चंद्राला पडतं तसं खळं.
हर्णैला आमचे चाचा बोटांनी खळं मोजून
होडी काढायची की नाही ते ठरवायचे.
मी पट्टीने मोजते, मिलिमीटरमध्ये.

मोतालेबच्या प्लेटवर सहा चकत्या.
चार चकत्यांना खळंच नाही.
राखी वाढ थेट कडेपर्यंत, निवांत,
ओळखीच्या घरात पाय पसरून बसल्यासारखी.

पण हे नंतरचं.
त्या दिवशी निघताना तो गाडीमागे धावत आला होता.
निळ्या पिशवीत साफ केलेली कोंबडी, अजून कोमट.
दोन्ही हातांनी धरलेली.
मुलगी झाली होती त्याला, नोआखालीत, मंगळवारी.
फोनवर पाहिली होती फक्त.

मी घेतली.
डिकीत नमुन्यांच्या पेटीला लागून ठेवली,
एक गार, एक कोमट,
रुवीपर्यंत.

कोंबडी नळाखाली धुवू नका, शिंतोडे हातभर उडतात,
हे मीच शिकवते, स्लाइड क्रमांक नऊ.
तरी हात सवयीने नळाकडे गेला.
सालन मात्र चांगलं झालं. शौकतने दोनदा वाढून घेतलं.

सोमवारी मी एक जास्तीचा फॉर्म भरला.
क्रमांक एकेचाळीस. नाव: जरीना मुकादम.
संपर्काचं कारण:
पकडणं, कापणं, खाद्य, विष्ठा, मेलेले पक्षी, इतर.
'इतर'पुढे बोटभर रेघ.
तिच्यावर लिहिलं, भेट.

माझी प्लेट संध्याकाळी अठरा तासांची होईल.
मोतालेबने दोनदा निरोप धाडलाय,
बाई, माझ्या हातात काय निघालं?
प्रोटोकॉलमध्ये हे कळवायला जागा नाही.
त्याचा नंबर मी फॉर्मच्या कोपऱ्यात
पेन्सिलीने लिहून ठेवला होता.

तिसऱ्या रिंगला उचलतो.
मागे पंखे.
"मुलीचं नाव ठेवलं का?" मी आधी विचारते.